सुरक्षित जोडणीचा 'दस्ता' : स्क्रिप्ट-लेखनात एन्क्रिप्टेड सॉकेट फाइलप्रमाणे वापरताना

'दस्ता' हा शब्द फारसीतून मराठीत आणि उर्दूत, दोन्हीकडे आला. 'दस्त' म्हणजे हात. उर्दूत दस्ता म्हणजे मूठ, हाताने धरण्याची जागा. मराठीत मात्र दस्ता म्हटले की चोवीस तावांचा कागदाचा गठ्ठा आठवतो. संगणकाच्या परिभाषेतील 'फाइल हँडल' या संज्ञेला याहून नेमका प्रतिशब्द मिळणे कठीण आहे, कारण कागद आणि तो धरण्याची मूठ या दोन्ही कल्पना तेथे एकत्र आल्या आहेत. प्रस्तुत लेखात या दस्त्याचा एक विशेष प्रकार समजावून घ्यावयाचा आहे. जाळ्यावरून जाणारी गुप्तलिखित जोडणी साध्या फाइलप्रमाणे हाती धरून तिच्यात लिहिता-वाचता येते काय, आणि तसे करताना ही मूठ कोठे निसटते, हा येथील प्रश्न आहे.

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयाचे उदाहरण घ्यावे. अंतर्गत परीक्षेच्या गुणांची यादी संगणकावर तयार आहे. ती ताळगाव पठारावरील विद्यापीठाच्या किंवा अन्य एखाद्या संस्थेच्या सर्व्हरकडे पाठवायची आहे. दर वेळी हाताने भरत बसण्यापेक्षा संगणकशास्त्राच्या शिक्षकाने पंधरा-वीस ओळींची स्क्रिप्ट लिहून ठेवली तर कार्यालयाचे दोन दिवस वाचतात. यादीत मुलांची नावे, जन्मतारखा, जातीचे वा शिष्यवृत्तीचे तपशील असतात. ती उघड्यावरून पाठवणे म्हणजे न चिकटवलेला लखोटा वाटेत भेटेल त्याच्या हाती देणे होय.

युनिक्स ही प्रणाली १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत घडत गेली. तिच्या कर्त्यांनी एक सोयीचा संकेत पाळला : फाइल असो, छपाईयंत्र असो वा कळफलक, प्रोग्रामच्या हाती एक छोटा क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकावर 'वाच' आणि 'लिही' एवढ्या दोनच आज्ञा चालवायच्या. १९८३ साली बर्कले विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीतून सॉकेट आले आणि जाळ्यावरील दूरची जोडणीही त्याच क्रमांकांच्या रांगेत बसली. ज्याला फाइलमध्ये ओळ लिहिता येते त्याला दूरच्या यंत्राशी बोलता येते, अशी ही सोय झाली. गोव्यात शाळांना संगणक मिळवून देण्याच्या लोकसहभागी प्रयत्नांत लिनक्स वापरले गेले, त्यामुळे येथील अनेक शिक्षकांना ही रीत अपरिचित नसावी.

गुप्तलेखन मात्र या घरात नंतर आलेला पाहुणा आहे. नेटस्केप कंपनीने एसएसएलची दुसरी आवृत्ती १९९५ मध्ये आणली, १९९९ मध्ये तिच्या वारसदाराला टीएलएस हे नाव मिळाले आणि आजची १.३ ही आवृत्ती २०१८ ची आहे. एरिक यंग यांनी लिहिलेल्या 'एसएसएलईएवाय' या ग्रंथालयातून १९९८ च्या अखेरीस ओपनएसएसएल हा प्रकल्प निघाला. (त्या विचित्र नावातील शेवटची तीन अक्षरे म्हणजे कर्त्याची आद्याक्षरे.) हे सारे काम प्रोग्रामच्या आत चालते. प्रणालीच्या गाभ्याला सॉकेटचा क्रमांक ठाऊक असतो, किल्ली ठाऊक नसते. म्हणून त्या क्रमांकावर थेट लिहिले तर मजकूर उघडाच बाहेर पडतो.

यावर स्क्रिप्ट-भाषांनी काढलेली युक्ती मनोरंजक आहे. पर्ल भाषेत 'टाय' नावाची सोय आहे. एखाद्या हँडलला मागून एक वस्तू बांधून ठेवता येते. मग प्रोग्रामरने नेहमीची 'प्रिंट' आज्ञा दिली की ती गाभ्याकडे न जाता त्या वस्तूकडे जाते. वस्तू मजकूर गुप्त करते आणि मगच सॉकेटवर सोडते. ओळ वाचताना क्रम उलटा. पर्लमधील 'नेट-एसएसएलईएवाय-हँडल' आणि 'आयओ-सॉकेट-एसएसएल' ही मोड्यूल याच तत्त्वावर चालतात. पायथनमध्ये सॉकेटला सुरक्षा-संदर्भाने गुंडाळून त्यावर 'मेकफाइल' ही पद्धत चालवली की फाइलसारखी वस्तू हाती येते. पीएचपीमध्ये पत्त्यापूर्वी 'एसएसएल' किंवा 'टीएलएस' हा उपसर्ग लावला की पुढे फाइलसाठीच्याच वाचन-लेखनाच्या आज्ञा चालतात. वर्गात शिकवताना तिन्हींपैकी कोणतीही भाषा चालेल. तरीही आतील यंत्रणा डोळ्यांना दिसावी अशी इच्छा असेल तर पर्लचे उदाहरण अधिक बोलके आहे.

इतकी सोय झाल्यावर विद्यार्थी समजतो की ही खरोखरच फाइल आहे. तशी ती नाही, आणि शिकवण्याचा खरा भाग येथून सुरू होतो.

मराठी-उर्दूच्या शिक्षकाला सर्वांत आधी भेटणारी अडचण अक्षरांची आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, उर्दूचे अक्षर दोन. 'पेडणे' या शब्दात मात्रांसह पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. 'डिचोली'त सहा चिन्हे, म्हणजे अठरा. स्क्रिप्टने मजकुराची लांबी चिन्हांत मोजून 'पाच' अशी कळवली तर पलीकडचा सर्व्हर पाच बाइट वाचून थांबेल. त्याच्या हाती 'प' आणि मोडकी मात्रा एवढेच येईल. साध्या फाइलला पर्लमध्ये यूटीएफ-८ चा थर चढवता येतो. बांधलेल्या हँडलवर तो थर भरवशाचा नाही. तेथे मजकूर आधी स्वतः बाइटमध्ये रूपांतरित करावा, लांबी त्यानंतर मोजावी आणि मगच पाठवावे. पायथनच्या मेकफाइलला मात्र लिपीची संहिता स्पष्ट सांगता येते, ती सांगितलीच पाहिजे. इंग्रजी नावांवर तपासलेली स्क्रिप्ट पहिल्या मराठी नावाला अडखळते याचे कारण बहुधा हेच असते.

दुसरी अडचण वाट पाहण्याची. 'सिलेक्ट' ही आज्ञा गाभ्याला विचारते की सॉकेटवर काही आले आहे काय. टीएलएसचा मजकूर नोंदींच्या रूपाने येतो आणि एका नोंदीत १६,३८४ बाइटपर्यंत मजकूर असू शकतो. स्क्रिप्टने त्यातील हजारभर बाइट मागितले तरी ग्रंथालय सबंध नोंद उलगडून उरलेला मजकूर स्वतःजवळ ठेवते. गाभ्याकडे आता काहीच शिल्लक नसते, त्यामुळे तो 'काही आले नाही' असे सांगतो. मजकूर घरात आलेला असताना स्क्रिप्ट दारात उभी राहते. म्हणून आधी ग्रंथालयाला 'काही शिल्लक आहे काय' असे विचारावे आणि मग गाभ्याला.

दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती ही मूठ देणे तर टाळावेच. साध्या सॉकेटचा क्रमांक उपप्रक्रियेला देता येतो. येथे क्रमांक जाईल, किल्ली मागे राहील, आणि उपप्रक्रिया गुप्त प्रवाहात उघडा मजकूर लिहून जोडणी मोडील. अशा वेळी एसटनेलसारखा वेगळा प्रोग्राम मध्ये उभा करणे बरे.

शेवटाचा प्रश्न गुणांच्या यादीसाठी सर्वांत गंभीर आहे. फाइल संपली म्हणजे संपली. जोडणीचे तसे नाही. पाठवणारा प्रोग्राम यादीच्या मध्यावर कोसळला तरी साध्या सॉकेटवर पलीकडे तो नेहमीचाच शेवट दिसतो आणि साठ विद्यार्थ्यांची यादी चाळिसांवर पूर्ण मानली जाते. टीएलएसमध्ये यासाठी निरोपाचा स्वतंत्र संदेश आहे. तो न येता जोडणी तुटली तर शेवट खोटा समजावा. परंतु पायथनचे सॉकेट-वेष्टन, वेगळे सांगितले नाही तर, असा तुटका शेवट निमूटपणे नेहमीचा मानते. सोयीसाठी केलेली ही उदारता येथे घातक ठरू शकते. ओपनएसएसएलने २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून याला उघडपणे चूक ठरवले, तेव्हा जुन्या अनेक स्क्रिप्ट तक्रार करू लागल्या. शिक्षकांनी याखेरीज यादीच्या शेवटी एकूण नोंदींची संख्या लिहिण्याची सवय लावावी. निरोपाचा संदेश सर्व्हरच्या प्रोग्रामने दुर्लक्षिला तरी ही जुनी हिशेबी पद्धत चूक पकडते.

उरली ओळख पटवण्याची बाब. लखोटा चिकटवला, पण दिला कोणाला? जोडणी गुप्त असणे आणि ती योग्य सर्व्हरशी असणे या भिन्न गोष्टी आहेत. प्रमाणपत्र विश्वासार्ह संस्थेने दिलेले आहे काय आणि त्यावरील नाव आपण मागितलेल्या पत्त्याचेच आहे काय, हे दोन्ही तपासावे लागते. २०१२ साली टेक्सास व स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी दाखवले की ब्राउझर सोडून इतर अनेक प्रोग्राम ही तपासणी नीट करीतच नव्हते. पीएचपीने ५.६ या आवृत्तीपासून आणि पायथनने २.७.९ पासून, म्हणजे दोघांनी २०१४ मध्ये, वेबजोडणीसाठी ती आपोआप होईल अशी व्यवस्था केली. पायथनमध्ये हाताने सॉकेट गुंडाळताना मात्र 'डिफॉल्ट संदर्भ' तयार करूनच घ्यावा आणि सर्व्हरचे नाव त्याला द्यावे. प्रयोगशाळेत प्रमाणपत्राची चूक आली की विद्यार्थी शोधाशोध करून तपासणी बंद करण्याची एक ओळ आणतो, स्क्रिप्ट चालते, आणि ती ओळ पुढे वर्षानुवर्षे तशीच राहते. संगणकाची तारीख मागे पडली असली तरी हीच चूक येते, तेव्हा आधी घड्याळ पाहावे.