शीतनिद्रेतून उठलेल्या संगणकाचा पडदा काळा का राहतो?

लॅपटॉपचे झाकण उघडले, दिवा लागला, पंखाही फिरू लागला. पडदा मात्र काळाच, किंवा त्यावर रंगीबेरंगी पट्ट्यांचा गोंधळ. शाळेत असे झाले की ‘पडदा गेला’ असे निदान होते, कोणीतरी बटण दाबून धरते आणि जतन न केलेले गुणपत्रक नाहीसे होते. पुष्कळदा पडदा ठणठणीत असतो आणि बटण दाबेपर्यंत गुणपत्रकही स्मृतीत शाबूत असते.

बेडकाच्या शीतनिद्रेत शरीराचे व्यवहार मंदावतात, थांबत नाहीत. संगणकाचे हायबर्नेशन याहून टोकाचे आहे. साध्या झोपेत, म्हणजे स्लीपमध्ये, मुख्य स्मृतीला थोडी वीज मिळत राहते. हायबर्नेशनमध्ये स्मृतीतील मजकूर डिस्कवर उतरवून वीज तोडली जाते. जागे होताना तो मजकूर पुन्हा स्मृतीत भरतात आणि प्रत्येक प्रोग्रॅम थांबला होता तेथून पुढे चालू लागतो. त्याच्या दृष्टीने मधे काही घडलेलेच नसते.

घोटाळा येथेच आहे. पडद्यावर किती ओळी आखायच्या, चित्र सेकंदाला किती वेळा बदलायचे, ते स्मृतीत कोठे ठेवले आहे, अशा नोंदी ग्राफिक्स चिपमधील रजिस्टर नावाच्या लहान कप्प्यांत असतात. चिप स्वतंत्र असेल तर तिची स्वतःची स्मृतीही असते. वीज गेली की हे सारे पुसले जाते. 1996 साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यात साध्या झोपेला एस3 आणि हायबर्नेशनला एस4 अशी नावे आहेत. पण चिपची घडी पुन्हा बसवण्याचे काम तिच्या ड्रायव्हरचे, म्हणजे चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे.

समजा, गुरुजींनी शनिवारी गणित फळ्यावर अर्धे सोडले. सोमवारी पाहावे तर फळा पुसलेला, वर कोणीतरी सुविचार लिहिलेला. गुरुजी फळ्याकडे न पाहताच ‘आता वरच्या ओळीवरून’ म्हणाले तर काय होईल? ड्रायव्हरचे तसेच होते. चिप नुसती कोरी नसते. संगणक सुरू होताना त्यातील मूळ प्रोग्रॅमने तिची आपल्या पद्धतीने मांडणी केलेली असते, आणि ड्रायव्हरमधील एखादी नोंद तिच्याशी जुळत नाही.

विंडोज व्हिस्टापासून (2007) यावर एक उपाय आहे: चिप साधारण 2 सेकंदांत उत्तर देईनाशी झाली तर प्रणाली चिप व ड्रायव्हर नव्याने सुरू करून पाहते. दर वेळी ते साधतेच असे नाही.

आपण काय करावे? कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर संगणक बहुधा जागा आहे. मग विंडोज 10 किंवा 11 असल्यास विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबाव्यात. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडे काम तसेच राहते. बटण दाबून धरणे हा अगदी शेवटचा उपाय.

‘बंद करून चालू करा’ हा जुना सल्लाही आता अपुरा आहे. विंडोज 8 पासून (2012) ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’मध्ये आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण प्रणालीचा गाभा ड्रायव्हरांसह शीतनिद्रेतच जातो. त्यामुळे बिघडलेला ड्रायव्हर सकाळी तसाच उठू शकतो. ‘रीस्टार्ट’ केले तर तो पहिल्यापासून सुरू होतो.