पाहुण्यांना खोली, ड्रायव्हरला?

पुण्याहून दिवेआगर ताम्हिणी, माणगाव, म्हसळामार्गे सुमारे १६० किलोमीटर. भाड्याची गाडी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला रात्री बहुधा मागची सीटच मिळते. काचा खाली केल्या तर डास, वर केल्या तर उकाडा. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून, डुलकी लागण्याच्या नेमक्या वेळेला, तोच माणूस घाट चढायला निघतो.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांतीही सांगितली. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. एकाच गाडीवर पोट असलेला चालक त्यातून सुटला, आणि पर्यटकांना घेऊन येणारा अनेकदा तोच असतो.

घाटाचे नियम त्याला पाठ असतात. उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, खालच्या गिअरमध्ये उतरायचं, नाहीतर ब्रेक तापून निकामी होतात. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट. पेंगुळल्यावर मात्र पाठ असलेलंही वेळेवर सुचत नाही. चहाने, गाण्यांनी झोप लांबते, टळत नाही. गाडी सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटं डोळा लागू द्यावा, तोच खरा उपाय.

खोली ठरवतानाच विचारा: ड्रायव्हरच्या झोपायची सोय आहे का? पडवीत गादी, पंखा आणि मच्छरदाणी मिळाली तरी पुष्कळ. अपघात झालाच तर रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.