वरचा ओठ उचलून बघा

सव्वातीन वर्षांचा मुलगा आजीच्या कडेवर बसून आला, वरचा ओठ सुजलेला, रात्रभर रडून दमलेला. "दुधाचेच दात ना डॉक्टर, पडायचेच आहेत की," आजी म्हणाल्या. बार्शीत वीस वर्षं दवाखाना चालवतेय. हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा जात नाही. पडायचेच आहेत, खरं आहे. पण पुढचे सहा-सात वर्षांचा झाल्यावर आणि दाढा दहाव्या-बाराव्या वर्षी. तोवर पोरानं चावायचं कशानं?

आजींना समोर बसवलं, गुडघ्याला गुडघे लावून. मुलाचे पाय त्यांच्याकडे, डोकं माझ्या मांडीवर. अलगद ओठ उचलला. वरचे पुढचे चारही दात हिरडीपाशी तपकिरी, मधले दोन तर पार झिजून खुंट झालेले. खालचे मात्र मोत्यासारखे. हे दिसलं की पुढचा प्रश्न ठरलेला.

"रात्री बाटली देता?"

"देतो, त्याशिवाय झोपतच नाही. दूधच असतं. साखर काय, दोन चमचे."

बाटली चोखताना खालच्या दातांवर जीभ येते, म्हणून ते वाचतात. वरच्यांभोवती दूध साचून राहतं, आणि झोपेत लाळही कमी सुटते. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, आम्ल दाताच्या कवचातले क्षार काढून घेतं. लाळ ते क्षार परत भरते, पण तिला सवड लागते. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे मी आधी विचारते. जेवणानंतर एक अख्खा लाडू परवडला. दर तासाला हातात टेकवलेलं बिस्किट नाही.

कीड म्हटलं की लोक काळा डाग शोधतात. तिची पहिली खूण पांढरी असते: हिरडीच्या काठाला लागून खडूनं ओढल्यासारखी निस्तेज रेघ. ओल्या दातावर चटकन दिसत नाही. स्वच्छ कापडानं पुसला की दिसते. दुखत नाही, म्हणून कुणी बघत नाही. आणि नेमकी हीच वेळ अशी, की दात न कोरता कीड थांबवता येते. (चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त असल्यानं दातभर पांढरे पट्टे येतात, ते प्रकरण वेगळं.)

पहिला दात आला की फ्लोराइडची पेस्ट सुरू करा, तांदळाच्या दाण्याएवढी. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. ब्रशवर अख्खी लाट काढायची ती जाहिरातीत. थुंकायला शिकवा, पण नंतर खळाखळा चूळ नको. रात्रीचा ब्रश चुकवू नका, आणि सात-आठ वर्षांपर्यंत तो मोठ्यांनीच फिरवायचा. "आमचा तो स्वतः घासतो" असं कौतुकानं सांगतात, तेव्हा मला धडकी भरते.

अजून एक. साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. तिच्या खोल खाचा वेळीच सीलंटनं बुजवता येतात.

त्या मुलाचे दोन दात काढावे लागले. उरलेल्या दोघांना सिल्व्हरचं औषध लावलं. त्यानं कीड थांबते, पण डाग काळाकुट्ट होतो, आणि आजींना ते पचायला जड गेलं. पुढच्या खेपेला त्याची आई चौदा महिन्यांच्या बहिणीलाही घेऊन आली. तिचाही ओठ उचलला. वरच्या दोन दातांवर तीच पांढरी रेघ. फ्लोराइड वार्निश लावलं, रात्रीची बाटली बंद करायला सांगितली, ब्रश आईच्या हातात दिला.

तीन महिन्यांनी रेघ होती तिथेच, पण कडक आणि चकचकीत झालेली. म्हणजे कीड थांबली होती. आज रात्री मूल झोपवण्याआधी तुम्हीही एकदा ओठ उचलून बघा, आणि मग दर महिन्याला.