ओटा असलेली सुट्टी

सुट्ट्या जवळ आल्या की घरोघरी एकच चर्चा, यंदा कुठे जायचं? महाबळेश्वर महाग, गोवा लांब. मग कुणीतरी डहाणूचं नाव काढतं. 2013 पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली, त्यामुळे जाणंही सोपं झालंय. डहाणूहून बोर्डीकडे निघालं की नरपड, चिखले, घोलवड ही गावं समुद्राला धरून लागतात. एकीकडे सुरूची झाडं, दुसरीकडे चिकूच्या वाड्या. 1991 साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून उद्योगांवर निर्बंध घातले, म्हणून ही हिरवाई बरीचशी टिकली. (2024 मध्ये मंजूर झालेल्या वाढवण बंदराची धास्ती मात्र इथल्या कोळणींच्या बोलण्यात हमखास येते.)

रिसॉर्ट परवडत नसेल तर चिखल्यात वाडीतल्या घराची एखादी खोली मिळते. शहरात त्याला स्टुडिओ अपार्टमेंट म्हणतात, आपल्या भाषेत वन रूम किचन! पलंग, भिंतीला टेकवलेल्या दोन गाद्या, पंखा, न्हाणीघर आणि कोपऱ्यात ओटा. ओट्यावर शेगडी, चार भांडी.

मैत्रिणींनो, खरी गोम आहे ती या ओट्यातच. ‘गॅस आहे ना, मग बाहेर कशाला खायचं?’ हे वाक्य कुठल्या घरात होत नाही? मग पिशवीत डाळ-तांदूळ, मसाल्याचा डबा, अगदी पोळपाट-लाटणंसुद्धा! मंडळी समुद्रावर, आणि आपण कांदा चिरत बसलेल्या. पैसे वाचतात हे खरं, पण सुट्टी कुणाची झाली?

गेल्या हिवाळ्यात आमच्या बचत गटातल्या चौघी जणी दोन रात्री तिथे राहिलो. जाण्याआधीच ठरवलं, शेगडीवर फक्त चहा होईल. जेवण घरमालकीण काकूंकडे. सकाळी सांगितलं तर दुपारी ताजी मासळी, नाहीतर साधं वरण-भात-भाजी. आमच्यातल्या एकीने माहेर आणि बाळंतपण सोडलं तर घराबाहेर रात्रच काढली नव्हती. सवयीने पाचला उठली, काय करावं ते कळेना. शेवटी एकटीच किनाऱ्यावर गेली आणि तासाभराने आली ती शिंपल्यांनी ओंजळ भरून. घरून तीनदा फोन आला होता, साखरेचा डबा सापडत नव्हता म्हणून!

काकूंचं गणितही ऐकण्यासारखं होतं. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी फळ नाशवंत, भाव हातात नाही. म्हणून त्या चिकूच्या चकत्या वाळवून पाहुण्यांना विकतात. खोलीचं भाडं मात्र मुलाच्या खात्यात जातं. झाडलोट, चादरी, स्वयंपाक सगळं त्यांचं, आणि पैसे? मी विचारलं तर हसल्या नुसत्या. मला ते हसणं काही आवडलं नाही.

अशा ताईंसाठी सांगते. राज्याच्या पर्यटन विभागाची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे, त्यात घरातल्या खोल्यांची रीतसर नोंदणी होते. शिवाय 2023 मध्ये आलेल्या महिलांसाठीच्या ‘आई’ पर्यटन धोरणात 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, 12 टक्क्यांच्या मर्यादेत, परत मिळण्याची सोय केली आहे. व्यवसाय बाईच्या नावावर हवा, अट मुख्य तीच. तेव्हा कागदांवर कुणाचं नाव आहे ते एकदा बघाच.

राहायला जाणाऱ्यांनी फोनवरच विचारून घ्यावं: आतून कडी नीट लागते का, संडास खोलीतच आहे का, घरमालकीण रात्री तिथेच असते का. भरती-ओहोटीची वेळही विचारा. हा किनारा सपाट आहे, ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि चालत-चालत आपणही लांब जातो. पाणी परतू लागलं की मागे वळावं.

दिवाळीनंतर पुन्हा जायचं ठरलंय. या खेपेला सहा जणी तयार आहेत, म्हणजे खोल्या दोन सांगाव्या लागतील.