नावाने चकवलेला ताप

२००९ मध्ये नव्या फ्लूची साथ जगभर पसरली, तेव्हा ‘स्वाइन फ्लू’ हे नाव घरोघरी पोहोचले. रोग कसा पसरतो ही माहिती मात्र मागे राहिली. नावात डुक्कर असल्याने शाकाहारी कुटुंबांना आपण सुरक्षित आहोत असे वाटणे साहजिक होते. वास्तविक हा विषाणू आहारातून नव्हे, तर रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून माणसाकडून माणसाकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिलअखेरीस ते नाव सोडले, पण लोकांच्या तोंडी तेच राहिले. ३ ऑगस्ट रोजी पुण्यात या साथीने देशातील पहिला बळी घेतला.

खेड्यात छापील पत्रकापेक्षा ओळखीच्या माणसाच्या शब्दाला अधिक वजन असते. तो शब्द आशाताईंकडून येतो, तसाच आठवडे बाजारातूनही. अनेक वाड्यांची माणसे एकाच किराणा दुकानी येतात. तेल-मिठाबरोबर तेथे ऐकलेली गोष्टही घरी नेतात. म्हणून व्यापाऱ्याने मोजकेच, पण अचूक सांगावे: ताप-खोकला असल्यास गर्दीत जाऊ नये, खोकताना तोंडावर रुमाल धरावा, हात साबणाने धुवावेत. गर्भवती, वृद्ध, मधुमेही आणि धाप लागलेला रुग्ण यांनी त्वरित डॉक्टरांकडे जावे; फ्लूवरील औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडते.

आणि स्वतःला ताप असल्यास दुकानदाराने गल्ल्यावर बसू नये. त्या दिवसांची विक्री पुढे भरून निघेल. गेलेला माणूस परत येत नाही.