कडीत कडी अडकवणारे रसायनशास्त्रज्ञ : त्यांचा दिवस कसा जातो?



वर्गात मुलांना 'मोठेपणी कोण होणार?' असे विचारून बघा. डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, कलेक्टर अशी उत्तरे येतात. 'रसायनशास्त्रज्ञ' हे उत्तर क्वचितच येते. त्यात मुलांचा काही दोष नाही. डॉक्टर दवाखान्यात दिसतो, पोलीस चौकात दिसतो. पण प्रयोगशाळेतला माणूस दिवसभर करतो तरी काय, हे त्यांना कुणी दाखवलेलेच नसते. म्हणून आज अशाच एका माणसाच्या दिवसाची ओळख करून घेऊ. विषय जरा वेगळा आहे : एकमेकांत अडकलेले रेणू.

अडकलेले रेणू म्हणजे काय?

आपण मुलांना आयनिक बंध आणि सहसंयुज बंध शिकवतो. एकात इलेक्ट्रॉन दिले-घेतले जातात, दुसऱ्यात वाटून घेतले जातात. पण दाराच्या साखळीकडे बघा. एक कडी दुसरीला चिकटवलेली नाही, तरी ती निघत नाही. काढायचीच तर एक कडी तोडावी लागते. रेणूंमध्येही असे करता येते. त्याला 'यांत्रिक बंध' म्हणतात.

अशा रेणूंचे दोन मुख्य प्रकार आहेत. दोन वलये साखळीसारखी अडकली की 'कॅटिनेन'. लॅटिनमध्ये 'कॅटेना' म्हणजे साखळी. दुसरा प्रकार 'रोटॅक्सेन'. हा समजावायला बैलगाडीसारखे उदाहरण नाही. आसावर चाक असते आणि चाक निसटू नये म्हणून टोकाला खीळ असते. रोटॅक्सेनमध्ये एक लांब रेणू आस होतो, वलयाकार रेणू चाक होतो आणि आसाच्या दोन्ही टोकांना अणूंचे मोठे गठ्ठे खिळीचे काम करतात. नावही चाक आणि आस या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरूनच आले आहे.

'चिकटणे' आणि 'अडकणे' यातला फरक आपल्या सास्तूर भागाला वेगळा सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात दगड-मातीच्या रुंद भिंती कोसळल्या. त्या भिंतींची आतली आणि बाहेरची बाजू मातीने जोडलेली होती, पण दगड एकमेकांत गुंफलेले नव्हते. पुढे घरे मजबूत करताना भिंतीत आरपार जाणारे दगड घालण्यावर भर दिला गेला तो यासाठीच. अर्थात तुलना इथेच थांबवायची, बरं का. रासायनिक बंध मातीसारखा कच्चा नसतो. मुद्दा एवढाच की, वस्तू एकत्र राहण्यासाठी नुसते चिकटणे पुरत नाही, तिची रचनाही कामाला येते.

सत्तर वेळा तेच काम

१९६० मध्ये अमेरिकेत एडेल वॉसरमन यांनी पहिले कॅटिनेन बनवले. पद्धत नशिबावर सोडलेली होती. वलये तयार असताना त्यांच्यासोबत लांब साखळीचे रेणू ठेवायचे. एखादी साखळी योगायोगाने वलयातून गेलेली असताना तिची टोके जुळली तर कडी अडकली! शंभरात एकही धड मिळत नव्हते. १९६७ मध्ये इयान आणि शुयेन हॅरिसन यांनी रोटॅक्सेन बनवले तेव्हा तीच क्रिया ७० वेळा केली आणि हाती आले जेमतेम ६ टक्के.

मग १९८३ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे झाँ-पिएर सोवाज यांच्या गटाने युक्ती काढली. त्यांचे मूळ काम सूर्यप्रकाशाची ऊर्जा वापरणाऱ्या संयुगांवर होते. त्यात तांब्याच्या आयनाभोवती दोन रेणू एकमेकांत आडवे बसतात, हे त्यांना दिसले. त्यांनी एक पूर्ण वलय आणि एक चंद्रकोरीसारखा रेणू घेतला. तांब्याच्या आयनाने चंद्रकोर वलयाच्या आत धरून ठेवली. मग चंद्रकोरीची टोके जोडून दुसरे वलय बंद केले आणि शेवटी तांबे काढून घेतले. कड्या मात्र अडकलेल्याच राहिल्या. उत्पादन थेट ४२ टक्क्यांवर गेले. मांडव घालताना मेढीला आधार द्यावा आणि गाठ पक्की झाली की आधार काढून घ्यावा, तसे तांब्याचे काम झाले.

आता दिवस सुरू होतो

अशा प्राध्यापकाचा दिवस साधारण असा जातो. सकाळी पहिला प्रश्न : रात्रभर ढवळत ठेवलेल्या मिश्रणाचे काय झाले? विद्यार्थी त्याचा थेंब एका छोट्या पट्टीवर टेकवतात आणि पट्टीचे टोक द्रावकात बुडवतात. वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर चढतात. शाईचे रंग वेगळे करण्याचा गाळणकागदाचा प्रयोग आपण शाळेत घेतो ना, त्याचाच हा मोठा भाऊ. कधी हवा तो ठिपका दिसतो, पुष्कळदा दिसत नाही.

वलय बंद करणे हे किचकट काम आहे. रेणूची दोन टोके एकमेकांना भेटण्याऐवजी शेजारच्या रेणूला भेटली तर वलयाऐवजी लांबलचक गुंता होतो. म्हणून द्रावण खूप पातळ ठेवतात आणि पदार्थ थेंब-थेंब, कित्येक तास सोडत राहतात. एवढे करून शेवटी काही मिलिग्रॅम पदार्थ मिळतो. चिमूटभर मिठाहूनही कमी!

दुपारी प्राध्यापकाचा तास असतो, कारण तोही आपल्यासारखाच शिक्षक आहे. पदवीच्या मुलांना तो बंध आणि समीकरणे शिकवतो, पेपर तपासतो. नंतर संशोधक विद्यार्थ्यांची बैठक. कोणाचा प्रयोग फसला, का फसला, उद्या तापमान बदलायचे की द्रावक? नोंदवहीत फसलेला प्रयोगही तारखेसह लिहायचा असतो. तो खोडला तर पुढचा विद्यार्थी पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो.

संध्याकाळ बहुतेक लिहिण्यात जाते. निधीसाठी प्रस्ताव, शोधनिबंधाचा मसुदा, परीक्षकांच्या शंकांना उत्तरे. अनुभवी प्राध्यापकाच्या हातात चंबूपेक्षा पेनच जास्त वेळ असतो. सुरक्षेची जबाबदारीही त्याचीच. सोवाज यांच्या पद्धतीत तांबे काढायला सायनाइड वापरले होते, यावरूनच काळजी किती लागते हे कळेल.

अडकले, हे कळते कसे?

हा प्रश्न हुशार मुले हमखास विचारतात. रेणू डोळ्यांना दिसत नाही, मग पुरावा काय? पुरावे तीन बाजूंनी गोळा करतात. पहिला, वस्तुमान : दोन्ही वलयांच्या बेरजेएवढे वस्तुमान एकत्र दिसले पाहिजे आणि एक वलय तुटले की दुसरे अखंड सुटले पाहिजे. दुसरा, एनएमआर : वलयाच्या आत अडकलेल्या हायड्रोजनचा परिसर बदलतो, म्हणून त्याचा संकेतही सरकतो. तिसरा, स्फटिक मिळाला तर क्ष-किरणांनी अणूंच्या जागाच समजतात. मात्र चांगला स्फटिक यायला कधी कधी आठवडे, महिने थांबावे लागते. एका पुराव्यावर विसंबायचे नाही, हा धडा रसायनशास्त्रापुरता नाही.

शेतावरचा मुलगा

या क्षेत्रातले दुसरे मोठे नाव फ्रेझर स्टॉडर्ट. जन्म १९४२, स्कॉटलंड. बालपण शेतावर गेले, घरात वीज नव्हती. तुकडे जोडून चित्र तयार करण्याच्या कोड्यांचा त्यांना नाद होता. कोणता तुकडा कशात बसेल हे बघण्याची ती सवय पुढे रेणूंपर्यंत गेली. १९९१ मध्ये त्यांच्या गटाने असे रोटॅक्सेन बनवले, ज्यात वलय आसावरच्या दोन थांब्यांमध्ये ये-जा करत होते. सोवाज, स्टॉडर्ट आणि रेणूंची मोटार बनवणारे नेदरलँड्सचे बेन फेरिंगा यांना २०१६ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. सोवाज यांची पहिली कडी १९८३ ची. म्हणजे मध्ये ३३ वर्षे गेली. ३० डिसेंबर २०२४ रोजी स्टॉडर्ट यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या हाताखाली शेकडो संशोधक तयार झाले होते.

'पण याचा उपयोग काय?'

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. २००७ मध्ये रोटॅक्सेन वापरून सुमारे १,६०,००० बिटांची स्मृती बनवण्यात आली. वलय इकडे की तिकडे, यावर शून्य की एक हे ठरते. जपानमध्ये कोहझो इतो यांनी सरकत्या वलयांचे पदार्थ विकसित केले. ताण आला की वलये कप्पीसारखी सरकतात, ताण वाटला जातो. ओरखडे सहज न पडणाऱ्या लेपांत हे तत्त्व वापरले गेले. तरी खरे सांगायचे तर यातले बरेचसे काम अजून बाजारापर्यंत आलेले नाही. १८३० च्या दशकात विजेची मोटार जिथे होती, साधारण तिथेच ही रेणूंची यंत्रे आज आहेत. तेव्हा कुणाला पंखा, पिठाची गिरणी, विहिरीवरची मोटार सुचली होती?

दुसरा प्रश्न पोटापाण्याचा. पालकहो, इथे गोड बोलून फसवणूक नको. हा रस्ता लांब आहे. पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर पीएच.डी.ची पाचेक वर्षे. पण या वाटेवर मदतही आहे. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधक अधिछात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७,००० रुपये आणि नियमांप्रमाणे घरभाडे मिळते. बारावीनंतर आयसरच्या अभियोग्यता परीक्षेतून थेट विज्ञानसंशोधनाच्या वाटेला लागता येते. पुण्यातच आयसर आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. मुंबईत रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. नीट आणि जेईई यांशिवायही दारे आहेत, एवढे तरी मुलांना माहीत असू द्या. जाणे न जाणे त्यांनी ठरवावे. पण दार आहे हेच न कळल्यामुळे एखादे पोर मागे राहू नये.

वर्गात करून बघा

साहित्य : रद्दी कागदाच्या लांब पट्ट्या, डिंक, कात्री.

१. एक पट्टी चिकटवून वलय करा. मुलाचे डोळे बांधा. त्याला वलयाला हात न लावता शेजारीच दुसरी पट्टी चिकटवायला सांगा. दहा वेळांत किती कड्या अडकल्या ते मोजा. ही वॉसरमन यांची पद्धत.

२. आता दुसरी पट्टी वलयातून ओवून चिमट्याने धरा, टोके चिकटवा, चिमटा काढा. ही सोवाज यांची पद्धत. चिमटा म्हणजे तांब्याचा आयन.

३. एका पट्टीला पूर्ण एक पीळ (दोन अर्धे पीळ) देऊन टोके चिकटवा. मग पट्टीच्या मधोमध, लांबीच्या दिशेने कापत जा. काय मिळेल ते आधी मुलांना लिहायला सांगा, मगच कापा. हाती येतील एकमेकांत अडकलेली दोन वलये!

तिसरी कृती झाली की वर्गात जो गलका होतो, तो थांबवू नका. त्या गलक्यात एखादे पोर गप्प बसून ती वलये उलटीपालटी करून बघत असेल. त्याच्याकडे जरा लक्ष ठेवा.