पहारा पक्का, पण माल बाहेर कसा काढणार?

गोदाम भाड्याने घेताना जाणता व्यापारी दोन प्रश्न हमखास विचारतो. रात्री पहारा कोण देतो, हा पहिला. माल उचलायचा झाला तर कोणाची परवानगी लागेल, हा दुसरा. तोच व्यापारी आपले दरपत्रक, भागीदारीचा करारनामा, येण्या-देण्याचा तक्ता इंटरनेटवरील एखाद्या लेखन-सेवेत ठेवतो, तेव्हा मात्र बहुधा एकही प्रश्न विचारीत नाही. सेवा फुकट असते, मुंबईतला भागीदार आणि दुबईतला भागीदार एकाच वेळी एकाच कागदावर लिहू शकतात, फाईल इकडून तिकडे पाठविण्याची कटकट नसते. एवढे त्याला पुरेसे वाटते.

अलीकडे पहिला प्रश्न विचारणारे काही लोक भेटतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पहाऱ्याचा प्रश्न सुटला की दुसराही आपोआप सुटला, असा एक समज त्यांच्यात दिसतो. तो समज चुकीचा आहे, म्हणून हा लेख.

आधी पहाऱ्याचे पाहू. गूगल डॉक्समध्ये किंवा मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन वर्डमध्ये लिहिलेला मजकूर कंपनीच्या संगणकावर जाऊन राहतो. वाटेत आणि साठवणुकीत तो सांकेतिक रूपात असतो हे खरे, पण सर्वसाधारण खात्यांत त्या संकेताची किल्ली कंपनीच्याच हातात असते. म्हणजे तिच्या यंत्रणेला मजकूर तपासता येतो. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी गूगल डॉक्सच्या कित्येक वापरकर्त्यांना आपलेच दस्तऐवज उघडेनात. मजकुराने नियमभंग केला आहे, असा संदेश समोर येऊ लागला. नियमभंग कोणी केला नव्हता. गूगलने आपल्या यंत्रणेत केलेल्या एका बदलात चूक होती. कंपनीने ती कबूल केली आणि दुरुस्तही केली. पण मालकाला आपल्याच तिजोरीबाहेर उभे राहावे लागते हे त्या दिवशी जगाला कळले.

आपल्या देशातले उदाहरण त्याहून बोलके आहे. गुजरातमध्ये वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचे सुमारे ४९ टक्के भाग आहेत. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरावर निर्बंध घातले आणि पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या. परवान्यांचे पैसे आपण पूर्ण भरलेले आहेत, असे नायराचे म्हणणे होते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि थोड्याच दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. नायराला वकील उभा करता आला. भिवंडीत बारा माग चालविणाऱ्याचे खाते असे बंद पडले तर त्याने कोणत्या न्यायालयाची पायरी चढायची?

अशा धास्तीतूनच गोपनीयतेवर भर देणाऱ्या सेवांना गिऱ्हाईक मिळू लागले. फ्रान्समधील एक्सविकी कंपनीचे क्रिप्टपॅड आणि स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनने जुलै २०२४ मध्ये सुरू केलेले प्रोटॉन डॉक्स ही त्यांतली प्रमुख नावे. त्यांची रीत अशी की, मजकूर आपल्याच संगणकावर, ब्राउझरमध्येच कुलूपबंद होतो आणि मग कंपनीकडे जातो. कंपनीच्या सर्व्हरवर पडून असतो तो निव्वळ अर्थहीन अक्षरांचा ढीग. क्रिप्टपॅडच्या वाटून घेतलेल्या दस्तऐवजात किल्ली दुव्यातच, हॅश चिन्हाच्या पुढे, दिलेली असते आणि हा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवीतच नाही. व्यवस्था मोठी हुशारीची आहे. मात्र भागीदाराला दुवा दिला की किल्लीही दिली गेली. असा दुवा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकणे म्हणजे दुकानाची किल्ली नाक्यावरच्या पानपट्टीवर टांगून घरी जाणे होय!

या सुरक्षिततेची किंमतही आहे. क्रिप्टपॅडचा पासवर्ड विसरला तर कंपनी तो परत देऊ शकत नाही, कारण तिला तो ठाऊकच नसतो. प्रोटॉनमध्ये पुनर्प्राप्तीची शब्दमाला किंवा फाईल आधीच जपून ठेवली नसेल, तर नवा पासवर्ड घेऊन खाते उघडते, पण जुने कागद बंदच राहतात.

आता मुख्य गोष्ट, ती स्किफची. स्किफ ही २०२० मध्ये अमेरिकेत निघालेली कंपनी. गुप्त राहणारे दस्तऐवज लिहिण्याची सोय हा तिचा पहिला धंदा. पुढे टपाल, दिनदर्शिका, साठवण अशी तिने भर घातली. गोपनीयतेविषयी आग्रही असणाऱ्यांत तिचे नाव झाले. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झाले की नोशन या कंपनीने स्किफ विकत घेतली आहे. नवी खाती उघडणे तत्काळ थांबले. जुन्या गिऱ्हाइकांना आपला माल हलविण्यासाठी सहा महिने मिळाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये स्किफचे दुकान कायमचे बंद झाले. नोशन हे चांगले चालणारे सॉफ्टवेअर आहे. पण वर सांगितलेली, कंपनीलाही मजकूर वाचता न येणारी व्यवस्था त्यात नाही. तेव्हा ज्या मालासाठी गिऱ्हाईक आले होते, तो नव्या मालकाच्या दुकानात नव्हताच.

कुलुपात दोष निघाला म्हणून हे घडले नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. दुकानच विकले गेले.

आणि येथे एक पेच आहे. ज्या सेवेकडे किल्ली असते, ती आपले सर्व कागद स्वतःच एकत्र बांधून देऊ शकते. गूगलने २०११ पासून टेकआउट नावाने ही सोय ठेवली आहे. मागणी नोंदवावी आणि गाठोडे तयार झाले की उतरवून घ्यावे. गुप्त सेवेच्या सर्व्हरला मात्र आतला मजकूरच दिसत नाही, मग तो तिथे वाचनीय रूपात कोण बांधणार? ते काम मालकाने स्वतः, आपल्या किल्लीने, आपल्या ब्राउझरमध्ये आणि त्या कंपनीचे सॉफ्टवेअर चालू असेपर्यंतच करायचे असते. मालक हजला गेला असेल, आजारी असेल, किंवा खाते काढून देणारा मुलगा परदेशी असेल, तर सहा महिने भुर्रकन उडून जातात. कुलूप जितके पक्के, तितकी निघण्याची तयारी मालकालाच आधी करावी लागते.

जीएसटी कायद्याच्या ३६व्या कलमाप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. स्किफचे आयुष्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढेही भरले नाही.

बाहेर काढलेला माल दुसरीकडे उघडतो का, हा पुढचा भाग. संगणकाच्या गूगल ड्राइव्ह फोल्डरमध्ये दिसणारी जीडॉक फाईल पाहून कित्येकांना वाटते की कागद आपल्याजवळ आहे. त्या फाईलमध्ये मजकूर नसतो. असतो तो फक्त गूगलकडचा पत्ता. खाते गेले की ती कोरी चिठ्ठी. गूगल शीट्समध्ये एका तक्त्यातून दुसऱ्यात आकडे आणणारे इम्पोर्टरेंजसारखे सूत्र वापरले असेल, तर एक्सेल किंवा लिबरऑफिसमध्ये ते चालत नाही. आकडे येतात, पण त्यांच्यामागचा हिशेब येत नाही.

मराठी छापखान्यांना हे नवे सांगायला नको. श्रीलिपी किंवा आकृतीत जुळविलेल्या जुन्या फायली तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. उर्दूवाल्यांचेही तेच, इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांतली पुस्तके युनिकोडमध्ये आणताना कातिबापासून मुद्रितशोधकापर्यंत सर्वांचा घाम निघाला आहे. सॉफ्टवेअर विकणारा बदलला, बंद पडला किंवा महागला की माल त्याच्याच दारात अडकतो. रोगाचे नाव आज इंग्रजीत ऐकू येते, रोग जुनाच आहे.

त्यावरचा उतारा म्हणजे कोणा एका कंपनीच्या मालकीचा नसलेला नमुना. ओडीएफ हा दस्तऐवजाचा नमुना २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला आणि लिबरऑफिस तो फुकट उघडते. मायक्रोसॉफ्टचा डॉकएक्स ज्या नमुन्यावर आधारलेला आहे, त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली. त्या मतदानात भारताने विरोधी मत दिले होते. तरी व्यवहारात डॉकएक्स सर्वत्र चालतो आणि प्रोटॉन डॉक्समधूनही तो काढून घेता येतो.

दुसरा उतारा खुल्या संहितेचा. क्रिप्टपॅडची सारी संहिता खुली आहे. उद्या एक्सविकी बंद पडली तरी दुसरी एखादी संस्था तेच सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालवू शकते, आजही अनेक जण चालवितात. प्रोटॉनने आपल्या संगणकावर चालणारा भाग खुला ठेवला आहे, सर्व्हरचा नाही. त्यामुळे प्रोटॉनचा पर्याय प्रोटॉनच. चेहरामोहरा आणि सोयी यांत प्रोटॉन आम्हाला अधिक सुबक वाटते, पण दहा वर्षांचा कागद ठेवायचा असेल तर आमचे मत क्रिप्टपॅडच्या बाजूने पडेल. जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने तर एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणक मायक्रोसॉफ्टवरून लिबरऑफिसकडे नेण्याचा निर्णय जाहीर केला.

स्वदेशी झोहोचे नाव येथे निघेलच. झोहो रायटर २००५ पासून आहे आणि २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने अधिकाऱ्यांना झोहोची साधने वापरण्यास सांगितले. परदेशी निर्बंधांचे भय त्यामुळे कमी होते. पण परत निघण्याचा प्रश्न देशी दुकानातही विचारावाच लागतो.

कायद्याचा आधार आपल्याकडे तोकडा आहे. युरोपात २०१८ पासून माणसाला आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे आणि १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या डेटा कायद्याने क्लाउड सेवा बदलण्यातले अडथळेही हटवायला सांगितले आहे. भारतात २०१९च्या विधेयकात माहिती नेण्याचा हक्क होता. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो उरला नाही.

तेव्हा खाते कोणतेही असो, एक परीक्षा घरीच घ्यावी. सर्वांत किचकट तक्ता निवडावा, तो ओडीएस किंवा एक्सेलच्या फाईलमध्ये उतरवावा, इंटरनेट बंद करून लिबरऑफिसमध्ये उघडावा. जोडाक्षरे नीट आहेत का, बेरीज जुळते का, भागीदाराने समासात लिहिलेले शेरे आले का, हे पाहावे. तारखांकडे विशेष लक्ष द्यावे. ५ मार्च ३ मे होऊन बसला, तर उधारीची मुदत दोन महिने पुढे जाते आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.